वंशावळ खालून वर लिहा: घरच्या ट्रंकेपासून रेकॉर्ड रूमपर्यंत

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींची स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागली. तेव्हापासून एक चूक फारच वाढली आहे. पानावर आपलं गाव दिसतं, आडनाव जुळतं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कुणी ‘रामा’ सापडतो आणि मंडळी त्याला खापरपणजोबा करून मोकळी होतात. मग त्या रामापासून स्वतःपर्यंतच्या मधल्या पिढ्या जुळवायला घेतात. त्या जुळत नाहीत, आणि जुळल्या तरी बहुधा भावकीतल्या दुसऱ्याच घराच्या असतात.

वंशावळ जातीच्या दाखल्यासाठी हवी असो की हौसेसाठी, रीत एकच. स्वतःपासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी वर चढायची. प्रत्येक बापलेकाच्या जोडीला एक तरी कागद हवा. जिथे कागद नाही तिथे थांबून तोच दुवा आधी शोधायचा. वरची माणसं कितीही नामांकित असली तरी थांबू द्यावीत.

१. आधी घर झाडा

कचेरीत जाण्याआधी घरातली ट्रंक, माळा आणि देव्हाऱ्याखालचा कप्पा रिकामा करा. हवेत ते कागद असे: जुने सातबारा आणि आठ-अ, सोसायटीचं कर्जखातं, शाळा सोडल्याचे दाखले, मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक, गिरणीचा किंवा रेल्वेचा पास, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका आणि आहेराच्या वह्या. आहेराची वही लोक रद्दीत घालतात. तिच्यात मात्र पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या गावाहून कोणतं घर लग्नाला आलं ते ओळीने लिहिलेलं असतं. आजीचं माहेर, आत्यांची सासरं आणि दूरच्या भावकीची गावं तिथेच मिळतात.

कागद पाहून झाले की माणसं. प्रश्न विचारायला थोरल्या काकांपेक्षा लग्न होऊन गेलेल्या आत्या बऱ्या. काकांच्या आठवणीत बांध आणि वाटण्या असतात, आत्यांच्या आठवणीत माणसं असतात. ‘आपला मूळपुरुष कोण?’ असं विचाराल तर कथा मिळेल. त्याऐवजी हे विचारा:

सुतक कोणाकोणाचं धरता, दहा दिवसांचं कोणाचं आणि तीन दिवसांचं कोणाचं? ज्यांचं दहा दिवस धरलं जातं ती जवळची भावकी. आडनाव वेगळं झालं असलं तरी सुतक सहसा चुकत नाही.

देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, गावच्या जत्रेत घराला कसला मान आहे?

पितृपक्षात कोणाचं पान कोणत्या दिवशी असतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचता यायला हवं. बहुतेक घरांत पितृपक्षातली तिथी ही मृत्यूची तिथी असते. पण ती फक्त तिथी असते, महिना नसतो. आजोबांचं पान पंचमीला असेल तर ते वर्षातल्या कोणत्याही पंचमीला गेलेले असू शकतात, शुद्ध की वद्य हेही त्यातून कळत नाही. सर्वपित्रीला पान असेल तर तिथी ठाऊक नाही, असाच बहुधा अर्थ. पणजीचं पान नवमीला असेल तर तिचा मृत्यू नवमीचा समजू नका. ती अविधवा नवमी, म्हणजे ती नवऱ्याच्या आधी गेली. दिवस हाती लागला नाही तरी दोघांपैकी आधी कोण गेलं ते कळलं. पुढे वारसनोंदीत विधवेचं नाव का दिसत नाही, याचं उत्तरही इथेच आहे.

> तपासून घ्या: पुढे जाण्याआधी एका कागदावर स्वतः, वडील, आजोबा आणि शक्य तर पणजोबा मांडा. प्रत्येकाच्या सख्ख्या भावांची आणि बहिणींची नावं बाजूला हवीतच. भावंडं वगळून एकच सरळ रेघ ओढलेली वंशावळ रेकॉर्ड रूममध्ये काही कामाची नाही. तिथे माणूस ओळखायचा तो त्याच्या भावांवरून.

२. गाव पक्कं करा

‘आमचं मूळ गाव पिंपळगाव’ एवढ्यावर निघू नका. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते मोजायला बसलात तर दिवस जाईल. गाव, तालुका आणि जिल्हा असे तिन्ही लिहा, आणि जिल्हा दोनदा लिहा: आजचा आणि त्या काळचा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना त्याच वर्षी वेगळा झाला. लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, पालघर २०१४ चा. जुनं दप्तर कधी नव्या जिल्ह्याला गेलं, कधी मूळ तालुक्यातच राहिलं. ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘हे गाव आधी कोणत्या तालुक्यात होतं?’

त्या गावावर १९४७ पूर्वी राज्य कोणाचं होतं, हेही याच टप्प्यावर शोधा. मुंबई इलाखा, निजामाचं हैदराबाद, मध्य प्रांत-वऱ्हाड, की कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी यांसारखं संस्थान? कागदांची नावं, लिपी आणि सनावळी सगळं यावर ठरतं. मराठवाड्यातले जुने कागद उर्दूत असतात आणि फसली, म्हणजे महसुली सनाचे असतात. शिंदे समितीलाही नोंदींसाठी हैदराबाद गाठावं लागलं. विदर्भात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख हा हुकमी कागद आहे, मराठवाड्यात त्याच सुमाराचं खासरा पत्रक. पुढे दिलेला तपशील मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांचा आहे. क्रम मात्र सगळीकडे तोच ठेवा.

आडनावाबद्दल एक फसगत टाळा. ‘कर’ लागलेलं आडनाव म्हणजे आपलं घर त्या गावात सापडेल असं नाही. गाव सोडून गेलेल्याला दुसऱ्या गावाने ते नाव दिलेलं असतं. मूळ गावी तेच घराणं पाटील, गुरव, खोत किंवा अशाच कुठल्या आडनावाने नांदत असेल. तेव्हा तिथे आडनाव न शोधता कुलदैवत, देवक आणि सुतकाचं नातं शोधा.

गाव धरणात गेलं असेल तर पुनर्वसनाचं दप्तर पाहा. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा एकाच गावातली घरं वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेली. भावकी त्यामुळेच विखुरलेली दिसते.

३. सातबारावरून मागे चालत जा

खरं काम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. भूलेख पोर्टलवरचा आजचा सातबारा घ्या. त्यावरचे फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे नंबर, टिपा. मग तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारा मिळवा. जुनी पानं भूमी अभिलेख विभागाच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवरही आहेत, पण सगळ्या गावांची नाहीत. पोर्टलवर नाही म्हणजे कागदच नाही असं धरून बसू नका.

हस्तलिखित सातबारावर नावांशेजारी वर्तुळातले आकडे दिसतील. ते फेरफार नंबर. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव, आणि तेच तुमच्या कामाचं. आजचं नाव तुम्हाला ठाऊकच आहे, कंसातला माणूस शोधायचाय. त्याच्याजवळचा आकडा उचला आणि गाव नमुना सहामधून तो फेरफार काढा. काही भागांत याला ‘डायरी’ म्हणतात.

वारसाचा फेरफार साधारण असा असतो (नावं उदाहरणापुरती):

*‘खातेदार धोंडी बिन रामा हे सुमारे तीन वर्षांपूर्वी मयत. त्यांस वारस मुलगे १) रामा २) केरू ३) बाबू, अज्ञान, अ.पा.क. आई सखू कोम धोंडी. रामा धोंडी याचे वर्दीवरून नोंद केली.’*

घाईचा माणूस यातून तीन नावं घेऊन जातो. सावकाश वाचलं तर किती निघतं बघा. ‘बिन’ म्हणजे मुलगा, तेव्हा धोंडीचा बाप रामा. एका ओळीत दोन पिढ्या मिळाल्या. मराठवाड्यात ‘बिन’च्या जागी बहुधा ‘वलद’ दिसेल. ‘कोम’ म्हणजे बायको किंवा विधवा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणजे बाबू तेव्हा सज्ञान नव्हता. त्याच्या जन्मसालाची एक मर्यादा ठरली. सखू त्या दिवशी हयात होती. आणि नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. मृत्यू तीन वर्षं आधीचा, तोही अंदाजाने. पुढच्या फेरफारात रामाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे एकट्याचं नाव दिसत असलं तरी भाऊ पाठीमागे आहेत. मालक एकटा समजून भावांना वंशावळीतून वगळणारे पुष्कळ असतात.

यादीत मुली दिसत नाहीत याचा अर्थ मुली नव्हत्या असा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी त्यांची नावं सहसा लागतच नसत. त्यानंतरचे फेरफार पाहा. बहिणींची नावं लागलेली दिसतात, आणि बऱ्याचदा थोड्याच काळात हक्कसोडीने कमी केलेली. ती हक्कसोड वाचून वाईट वाटतं, पण तिच्यात बहिणींची सासरची नावं आणि गावं असतात.

असा एकेक फेरफार मागे जात राहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंद १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९१३ नंतर पसरली, त्यामुळे बऱ्याच गावांत पहिला फेरफार १९१० ते १९३० च्या दरम्यानचा सापडतो. त्याआधीच्या काळासाठी कडईपत्रक, आकारबंद, शेतवार पत्रक आणि जमीन इनामी असेल तर गाव नमुना तीन.

> इथे थांबा: फेरफाराच्या शेवटचा शेरा वाचल्याशिवाय पान उलटू नका. सर्कलने, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने, नोंद मंजूर केली की रद्द, ते तिथे असतं. रद्द झालेल्या नोंदीवर वंशावळ उभी केली तर पुढे कोणीही ती खोडून काढेल. शोधासाठी ती जरूर टिपा, पण पुरावा म्हणून लावू नका.

गट नंबराची भिंत

१९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट १४२ म्हणजे जुना सर्व्हे १४२ नव्हे. हे लक्षात न घेता लोक जुन्या रजिस्टरात १४२ उघडतात आणि दुसऱ्याच घराण्याचे वारस उतरवून आणतात. कागद अस्सल, शिक्का अस्सल, माणसं परकी. ही चूक कित्येक महिने लक्षात येत नाही.

उपाय सोपा आहे. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३)/९(४) चा उतारा मागा. गट कोणत्या सर्व्हे आणि हिस्सा नंबरांपासून झाला ते त्यात असतं. ज्या गावांत एकत्रीकरण झालंच नाही, तिथे जुनेच नंबर चालू आहेत आणि ही भिंत तुम्हाला आडवी येणार नाही.

जमीन नव्हती त्यांनी

जमीन नाही म्हणून नोंद नाही, हे खरं नाही. वतनदार आणि बलुतेदार घरांची नावं वतनाच्या आणि इनामाच्या कागदांत असतात. महार वतनांसह कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. ती खालसा होताना आणि जमिनी परत देताना झालेल्या नोंदींत भावकीची लांबलचक यादी असते. कुळ म्हणून जमीन कसली असेल तर कुळाच्या रकान्यात आणि कूळकायद्याच्या प्रकरणांत पाहा. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ. सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका आणि तिच्यामागची चौकशी नोंदवही. तीत घर कोणाकडून कोणाकडे आलं ते कधी कधी जबाबासकट मिळतं.

४. जन्म, मृत्यू आणि शाळा

जमिनीच्या कागदांनी नातं मिळालं. आता तारखा. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये आहेत. लोक याला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, काही ठिकाणी स्कॅन झाली आहेत.

यात पहिला धक्का बसतो तो म्हणजे बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बस. त्यामुळे एकट्या नोंदीवरून आजोबा ओळखता येत नाहीत. त्या बापाच्या सगळ्या अपत्यांच्या नोंदी तारखेने ओळीत लावा, लहानपणीच गेलेल्यांच्या मृत्यूच्या नोंदी त्यातून वजा करा आणि उरलेल्यांना पहिल्या टप्प्यात लिहिलेली भावंडं लावून पाहा. दोन मुलगे तान्हेपणी गेल्यावर तिसऱ्याचं नाव धोंडू, दगडू किंवा केरू ठेवलेलं दिसलं तर तुमचा क्रम बहुधा बरोबर आहे.

दुसरं म्हणजे, पहिलं बाळंतपण माहेरी. थोरल्या मुलाची नोंद बापाच्या गावी सापडत नसेल तर आजीच्या माहेरच्या गावाचं कोतवाल बुक उघडा. पहिल्या टप्प्यात माहेर विचारून ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

शाळेचा कागद मागताना ‘दाखला’ न मागता जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा मागा. त्यात वडिलांचं पूर्ण नाव, गाव, जात आणि आधीची शाळा असते. गावात शाळा नव्हती तर शेजारच्या मोठ्या गावातली पाहा. जन्मतारीख एक जून असेल तर ती गुरुजींनी घातली आहे असं समजा. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. वर्षही एक-दोन वर्षांनी पुढेमागे धरा. नावातही फरक असणार: शाळेत ‘तुकाराम’, तलाठ्याकडे ‘तुका’, घरात ‘तात्या’. तिघं एकच आहेत हे केवळ नावावरून ठरवू नका, बाप आणि भाऊ जुळताहेत का ते पाहा.

रामा धोंडी, धोंडी रामा

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत. म्हणून एकाआड एक पिढी तेच नाव येतं: रामा धोंडी, त्याचा मुलगा धोंडी रामा, त्याचा पुन्हा रामा धोंडी. वर, तीन भावांनी आपापल्या थोरल्याला तेच नाव ठेवलं की एका वाड्यात एकाच वेळी तीन ‘धोंडी’ नांदतात, आणि दोन जण ‘रामा धोंडी’ असू शकतात.

शोध फसतो तो बहुतेक वेळा इथे. उपाय एकच. प्रत्येक ‘रामा धोंडी’साठी चार गोष्टी लिहा: आई कोण, बायको कोण, भाऊ कोण, कोणत्या सर्व्हे नंबरात नाव आहे. चारपैकी दोन तरी जुळल्याशिवाय दोन नोंदींतला माणूस एक मानू नका. आणि तारखांचं गणित मांडून बघा. १९१५ ला वारस म्हणून लागलेला सज्ञान रामा १९८० च्या फेरफारात खरेदी घेताना दिसत असेल, तर तो नातू आहे. असे दोन माणसं एक करून टाकलेले आणि त्यामुळे मधल्या दोन पिढ्या गिळलेले वंशवृक्ष छापून, फ्रेम करून भिंतीवर लावलेले दिसतात.

५. मग गावी जा

कागदांच्या आधी गावी जायचं नाही. हात हलवत गेलात तर गाव कौतुकाने चहा देईल आणि मूळपुरुषाची कथा सांगेल. हातात चार फेरफार असतील तर म्हातारी माणसं नावं वाचून बोलू लागतात.

जाण्याआधी भावकीतल्या एकाला तरी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की जमिनीत वाटा मागायला येत नाही. शहरातून अचानक उगवलेला चुलतभाऊ सातबाराचे कागद पसरून बसला की मनात दुसरं काही येतच नाही. एकदा संशय आला की दारं बंद. गावी बसून वाटणीच्या, बांधाच्या गोष्टी काढू नका, निघाल्या तरी बाजू घेऊ नका.

गावात पाहायचं ते असं: पोलीस पाटलांचं घर, ग्रामदैवताच्या मानकऱ्यांची यादी, पालखीचा क्रम, जुन्या वाड्याची जोती, शेतातल्या समाध्या आणि घुमट्या. शेताला सर्व्हे नंबराशिवाय एक नाव असतं: ‘जांभळीचं’, ‘गुरवकी’, ‘पाटीलपट्टी’. ते विचारून घ्या. तुमच्या रानाला लोक ‘गुरवकी’ म्हणत असतील आणि तुम्ही गुरव नसाल, तर जमीन बाहेरून आलेली असू शकते. खरेदीखत शोधायला दुय्यम निबंधकाकडे जा.

६. तीर्थोपाध्ये आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. तिथे पूर्वजांनी स्वतः सांगितलेली, कधी स्वतःच्या हाताने लिहिलेली भाऊ-मुलांची यादी मिळू शकते. गाव आणि आडनाव सांगा, तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते तिथलीच माणसं दाखवतील.

एक पथ्य पाळा. आपली वंशावळ आधी वाचून दाखवू नका. वडील आणि आजोबा एवढीच नावं सांगा, पुढचं वहीला सांगू द्या. तुम्हीच पणजोबांचं नाव सुचवलंत तर ‘हो, हेच’ असं उत्तर मिळायचा धोका असतो. नोंद कोणी केली, कोणत्या साली केली आणि कोण बरोबर होतं ते उतरवा. फोटो विचारूनच काढा, दक्षिणा आधी बोलून घ्या, आणि आपल्या घराची आजची नोंद लिहूनच उठा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी घराघरांची वंशावळ सांगत फिरतात. त्यांच्या सांगण्यातल्या खालच्या चार-पाच पिढ्या फेरफाराशी ताडून पाहता येतात. त्या जुळल्या तर वरच्यांकडे आदराने पाहावं, पण वेगळ्या शाईने लिहावं.

कुलदैवत गोव्यात असलेल्या घरांसाठी देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांची नोंद हा आणखी एक रस्ता आहे. गोव्यातल्या जन्म-लग्नाच्या नागरी नोंदी पोर्तुगीज काळापासूनच्या आहेत, पण नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. शेणवी तिथे ‘सिनाय’ होतो, कामत ‘कामोतिम’.

७. मोडी आणि सनावळी

जितकं मागे जाल तितके कागद मोडीत. पूर्ण मोडी शिकायला वेळ नसेल तर निदान आपलं गाव, आडनाव आणि घरात फिरणारी आठ-दहा नावं मोडीत कशी दिसतात ते शिकून घ्या. रजिस्टर चाळायला तेवढं पुरतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या नावांच्या जोड्या तज्ज्ञालाही चकवतात. महत्त्वाच्या पानाचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या, आणि शंका असलेल्या अक्षराखाली त्याला रेघ मारायला सांगा. रेघच नसलेलं लिप्यंतर दिसलं तर दुसऱ्याला दाखवा.

सनाचं गणित असं:

शक असेल तर ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनात जानेवारी लागला असेल तर ७९. शके १८३२ म्हणजे १९१०-११.

फसली असेल तर ५९० मिळवा, वर्षाच्या उत्तरार्धात ५९१. फसली १३४४ म्हणजे १९३४-३५.

पेशवाईच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत येतो. त्यात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ६००. ‘सीत समानीन मया व अलफ’ म्हणजे सहा, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण ११८६, म्हणजे इसवी १७८५-८६. सलास (तीन) आणि सलासीन (तीस), सबा (सात) आणि सबैन (सत्तर) यांत गल्लत झाली की अख्खी पिढी इकडची तिकडे जाते.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, शेवटी जायचं, आणि तेही घराला वतन, इनाम किंवा सरकारी चाकरी होती असं खालच्या कागदांतून दिसलं तरच. तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आडनावाने लावलेले नाहीत. प्रांत, तर्फ, गाव आणि हक्क ठाऊक नसेल तर मागायचं काय, इथूनच अडचण.

८. नक्कल मागताना आणि नोंद ठेवताना

अर्जात ‘आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी मिळाव्यात’ असं लिहू नका. तो अर्ज टेबलावरच राहतो. गाव, नमुना, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि साल लिहा. साल नक्की नसेल तर पाच-दहा वर्षांचा पट्टा द्या. आधी रजिस्टर पाहण्याची परवानगी मागा, मग हव्या त्या पानाची नक्कल. शिक्क्याची प्रमाणित नक्कल घ्या, मोबाइलचा फोटो फक्त स्वतःसाठी. माहितीच्या अधिकारातही मागता येतं. शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत.

घरी आल्यावर प्रत्येक दुव्याला एक पान. वर बापलेकाची नावं, खाली कागद कोणता, कुठे पाहिला, कोणत्या तारखेची नक्कल. कडेला तीनपैकी एक शेरा: पक्का, बहुधा, ऐकीव. नोंदीतलं नाव जसं आहे तसंच उतरवा, ‘तुका’चा ‘तुकाराम’ करू नका. खाडाखोड झालेलं पान असेल तर खाडाखोडीसकट टिपा, आणि मूळ रजिस्टरला पेन लावायचा विचारही मनात आणू नका. जातीच्या दाखल्यासाठी रजिस्टरात नवी अक्षरं घुसवलेली पानं पडताळणीत पकडली जातात, आणि मग त्या घराच्या खऱ्या नोंदींकडेही संशयाने पाहिलं जातं. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते असलेलं पान भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही.

‘अभिलेख जीर्ण’ किंवा ‘आढळून येत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर तेच अर्जावर लेखी घ्या, तारखेसह. मग त्याच माणसाला दुसऱ्या दप्तरात शोधा: सातबारा नाही तर कोतवाल बुकात, तिथे नाही तर शाळेच्या रजिस्टरात, तिथेही नाही तर भावाच्या फेरफारात. भावाच्या वारसनोंदीत चुलत्याचं नाव सहहिस्सेदार म्हणून आलेलं असतं, आणि ते पान शोधायला सहसा कोणी जात नाही.